गाडी का लागते? आणि चालवणाऱ्यालाच का लागत नाही?

रानजाई

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गाडीत बसून वीसेक मिनिटं झाली की ती बोलायची थांबते. मग एकामागोमाग जांभया, तोंडाला पाणी सुटणं, चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. त्यानंतर फक्त "आई, थांबव." पिशवी माझ्या हातात तयारच असते.

परवाच्या लांबच्या प्रवासात तिला दोनदा उलटी झाली. सोबत घरातलं एक मोठं माणूस होतं. ते म्हणाले, "लक्ष दुसरीकडे लाव, हे सगळे मनाचे खेळ आहेत." उलटी होताना ती रडली नव्हती, हे ऐकून मात्र रडली. तेव्हापासून मला नीट समजून घ्यायचंय की हे नेमकं होतं तरी का.

माझ्या डोक्यातले प्रश्न असे. लहानपणी मलाही खूप गाडी लागायची, आणि आजही मागच्या सीटवर बसले की डोकं जड होतं. पण तीच गाडी मी चालवत असले तर काहीच होत नाही. मुलगी अर्धा अर्धा तास दोरीवरच्या उड्या मारते, पळते, कोलांट्या मारते, तेव्हा तिला कसलाही त्रास नसतो. गाडीत पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत सुरू. आणि धाकटा दीड वर्षांचा आहे, तो त्याच गाडीत, त्याच वळणांवर मजेत असतो. हे सगळं एकाच कारणाने होतं की वेगवेगळ्या?

कानसेन

रानजाईताई, मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. पहिली गोष्ट मुलीला सांगा, की हे मनाचे खेळ नाहीत. कानाची तोल सांभाळणारी यंत्रणा नीट चालू असेल तरच गाडी लागते. ती दोन्ही बाजूंनी पूर्ण निकामी झालेल्या माणसाला गाडी लागतच नाही.

आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळण कळतं. त्यांच्याशेजारी दोन छोट्या पिशव्या असतात, आणि त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे एका चिकट थरावर बसलेले असतात. गाडीने ब्रेक मारला, वेग घेतला किंवा ती खालीवर झाली की हे खडे सरकतात. म्हणजे डोळे मिटलेले असले तरी कान हालचालीची बातमी देतच असतो.

आता मागच्या सीटवरच्या मुलाचा विचार करा. त्याच्या डोळ्यांपुढे काय असतं? पुढच्या सीटची पाठ किंवा मांडीवरचं पुस्तक, दोन्ही स्थिर. डोळे सांगतात "आपण बसून आहोत", कान सांगतो "आपण डावीकडे फेकले जातोय, आता थांबलो, आता उजवीकडे". या विसंगतीतून त्रास होतो, हा सर्वात जास्त मान्य असलेला सिद्धांत आहे. जेम्स रीझन आणि ब्रँड यांनी १९७५ मध्ये तो सविस्तर मांडला.

त्यात एक बारकावा आहे आणि तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर तिथेच आहे. भांडण फक्त डोळे आणि कान यांच्यात नसतं. दृष्टिहीन माणसांनाही गाडी लागते. खरी तफावत असते ती मेंदूने अपेक्षिलेली हालचाल आणि प्रत्यक्षात आलेली हालचाल यांच्यात. तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा गाडी वळायच्या आधीच मेंदूला माहीत असतं की आता वळायचंय. मान, खांदे, डोळे सगळे तयार असतात. शेजारी मोबाइलमध्ये बघत बसलेल्याला तेच वळण न सांगता येऊन धडकतं. दोरीवरच्या उड्यांचंही तसंच. उडी तिची स्वतःची असते, म्हणून कानाकडून येणारी बातमी मेंदूने आधीच ताडलेली असते.

आणखी एक कारण म्हणजे हालचालीची लय. सर्वात जास्त मळमळ होते ती संथ हेलकाव्यांनी, साधारण पाच सेकंदांत एक झोका, म्हणजे ०.२ हर्ट्झच्या आसपास. चालताना किंवा उड्या मारताना शरीर सेकंदाला एक-दोनदा हलतं, त्याने पोट ढवळत नाही. म्हणूनच खडखडत्या रस्त्यावर पाठ दुखते, पण मळमळ जास्त होते ती गुळगुळीत, वळणावळणाच्या रस्त्यावर.

धाकट्याबद्दल सांगायचं तर दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा गाडी लागत नाही. त्रास त्यानंतर सुरू होतो, नऊ-दहाच्या सुमारास सर्वात जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. तुमची लेक नेमकी त्या शिखरावर आहे. आणि आईला असेल तर मुलीला असण्याची शक्यता जास्त, कारण यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

शंकासुर

डॉक्टर, विसंगती समजली. पण त्यावर उपाय म्हणून उलटी का? तफावत कानात आणि डोळ्यांत, शिक्षा पोटाला. डोकं दुखलं असतं, चक्कर आली असती तर पटलं असतं.

आणि मनाचा भाग अगदीच नाही असंही नाही. मला डिझेलचा वास आला की गाडी सुरू व्हायच्या आधीच उमासे येतात.

कानसेन

शंकासुर, तुमचा दुसरा मुद्दा आधी घेतो. शरीर एकदा पोळलं की खुणा लक्षात ठेवतं. वास, सीटच्या कव्हरचा स्पर्श, ठरावीक वळण. ही भीती खरी असते आणि ती त्रास वाढवते. पण ती मूळ कारण नव्हे, मागून येऊन बसलेली सवय आहे. कुत्र्यांना गाडी लागते, मांजरांना लागते. उंदराला तर उलटी करताच येत नाही, तरी त्याला फिरत्या पिंजऱ्यात ठेवलं की तो माती खायला लागतो. संशोधक तीच त्याची मळमळ धरतात. उंदराला "लक्ष दुसरीकडे लाव" असं कोणी सांगत नाही.

उलटी का, यावर १९७७ मध्ये मिशेल ट्रेझमन यांनी एक कल्पना मांडली. निसर्गात डोळे आणि कान यांचा मेळ अचानक बिघडायचा तो बहुधा विषारी काही खाल्ल्यावर. तेव्हा मेळ बिघडला की पोट रिकामं करा, हा प्राण वाचवणारा नियम. गाड्या आणि जहाजं आली ती उत्क्रांतीच्या हिशेबात अगदी काल, आणि मेंदू गाडीच्या हेलकाव्याला विष समजून बसतो. १९८३ मध्ये मनी आणि च्युंग यांनी दाखवलं की अंतर्कर्णाची तोल-यंत्रणा काढलेल्या कुत्र्यांना काही विषांनी उलटी कमी होते. म्हणजे या दोन गोष्टींत धागा आहे हे नक्की.

शंकासुर

हे मस्त आहे, पण एक शंका राहतेच. विष पोटात गेलं तर शरीराने लगेच बाहेर काढायला हवं. गाडीत मात्र अर्धा अर्धा तास नुसती मळमळ चालू असते. इतका उशीर करणारा पहारेकरी काय कामाचा?

कानसेन

हाच आक्षेप अभ्यासकांनीही घेतलाय. त्यामुळे ट्रेझमन यांची कल्पना आकर्षक असली तरी सिद्ध झालेली नाही. दुसरा एक गट, रिचिओ आणि स्टॉफ्रेगन, १९९१ पासून म्हणतोय की मूळ विसंगतीत नसून तोल सांभाळण्याची नवी पद्धत शरीराला अजून जमलेली नसते यात आहे. ज्यांचं शरीर आधीपासून जास्त डुलतं त्यांना पुढे त्रास होतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. मला स्वतःला पहिला, विसंगतीचा सिद्धांतच जास्त पटतो, कारण ड्रायव्हरचं कोडं त्यातून सरळ सुटतं.

मूकसंवाद

मी कर्णबधिर मुलांना शिकवते. डॉक्टरांनी वर म्हटलं की तोल-यंत्रणा निकामी असेल तर गाडी लागत नाही, त्यावर एक खरी गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या विद्यार्थ्यांना मी ती दर वर्षी सांगते.

अमेरिकेत गॅलॉडेट नावाचं कर्णबधिरांचं कॉलेज आहे, आता विद्यापीठ. माणूस अंतराळात जायच्या तयारीत होता तेव्हा, १९५० च्या दशकाच्या शेवटापासून, तिथल्या अकरा पुरुषांवर अमेरिकन नौदलाने आणि नासाने अनेक वर्षं प्रयोग केले. त्यांपैकी दहा जणांना लहानपणी मेंदूज्वर झाला होता, त्यात ऐकणंही गेलं आणि कानातली तोल-यंत्रणाही. फिरत्या खोलीत राहणं, विमानातून गोते खाणं, सगळं त्यांनी केलं. एकदा त्यांना नोव्हा स्कॉशियाजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीतून नेलं. हे लोक निवांत पत्ते खेळत बसले, आणि प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांनाच बोट इतकी लागली की प्रयोग आवरता घ्यावा लागला.

माझे काही विद्यार्थीही वळणाच्या रस्त्यावर बसमध्ये उभ्याने गप्पा मारतात, हातवारे करत, आणि मी खिडकीला डोकं टेकून बसलेली असते. (सगळ्याच कर्णबधिर मुलांचं असं नसतं. ज्यांची तोल-यंत्रणा शाबूत आहे त्यांना इतरांसारखीच गाडी लागते.)

रानजाई

मूकसंवाद, तुमचा प्रतिसाद मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे माझे कान हुशार आहेत." तिचा चेहरा बघायला हवा होतात.

सागरखुणा

मी व्यापारी जहाजावर इंजिनिअर आहे. आमच्यात "बोट लागणे" म्हणतात. इंजिनरूममध्ये क्षितिज दिसत नाही, उकाडा आणि तेलाचा वास, वर मिनिटाला दहा-बारा हेलकावे. पहिल्या सफरीत मी तीन दिवस फक्त पाणी आणि बादली यांच्यात होतो. कोणाला सांगायची लाज वाटायची. मग एका वरिष्ठाने सांगितलं की ब्रिटिश नौदलाचा मोठा सेनानी नेल्सन, त्यालाही आयुष्यभर बोट लागायची आणि त्याने ते स्वतः पत्रांत लिहून ठेवलंय. चार्ल्स डार्विनचंही तसंच. १८३१ ते १८३६ या बीगल जहाजाच्या सफरीत तो बिचारा पार टेकीला आला होता. मळमळीसाठी इंग्रजीत जो नॉशिया शब्द आहे तोच मुळी ग्रीक भाषेतल्या "नौस" म्हणजे जहाज या शब्दावरून आलाय. हे कळल्यावर माझी लाज गेली.

अनुभवाने सांगतो. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत जुळवून घेतं. तोवर जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर राहायचं, कारण टोकांना आणि उंचावर झोका मोठा. जमलं तर वर येऊन क्षितिजाकडे बघायचं. ते नाही जमलं तर डोळे मिटून आडवं व्हायचं. अर्धवट उपाय, म्हणजे खोलीत बसून मोबाइल बघणं, सगळ्यात वाईट.

उलटही होतं. महिन्यांनी किनाऱ्यावर उतरलो की जमीन हलते. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत जातं, क्वचित कोणाचं महिनोन्महिने राहतं. मेंदूने समुद्राचा अंदाज बांधलेला असतो आणि जमीन त्या अंदाजात बसत नाही. डॉक्टरांच्या "अपेक्षित हालचाल" या मुद्द्याला माझा पुरावा.

घडीभर

अंतराळवीरांचं काय होतं मग? तिथे तर हेलकावेच नाहीत.

कानसेन

तिथे तर आणखीच गोंधळ. गुरुत्व जाणवत नाही, त्यामुळे ते खडे "खाली" कुठे हे सांगूच शकत नाहीत. १९६१ मध्ये व्हस्टोक-२ मधून गेलेले घेर्मान टिटोव्ह हे अंतराळात मळमळ झालेले पहिले मानव. १९६९ च्या अपोलो-९ मोहिमेत रस्टी श्वाइकार्ट यांना उलट्या झाल्या म्हणून यानाबाहेरच्या कामाचं वेळापत्रक बदलावं लागलं. निम्म्याहून जास्त अंतराळवीरांना पहिले दोन-तीन दिवस हा त्रास होतो. निवडून घेतलेले वैमानिक होते हे. धैर्याचा आणि याचा संबंध नाही.

चाकधर

मी बावीस वर्षं प्रवासी बस चालवतोय. मागे कोणाला उलटी झाली की आम्हाला कळतं, आणि खरं सांगतो, वाईट वाटतं. कारण त्यात आमचा हात असतो.

नवीन ड्रायव्हर वळणात शिरल्यावर ब्रेक दाबतो, मग सोडतो, मग परत दाबतो. बस पुढे डुलते आणि बाजूलाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात पाय स्थिर ठेवायचा, बाहेर पडताना हळूच गती द्यायची. थांबताना शेवटच्या क्षणी ब्रेक थोडा सैल करायचा, म्हणजे माणसं पुढे झुकून मागे आपटत नाहीत. माझ्या गुरूने समोर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवून शिकवलं होतं.

जागा घ्यायची तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली घ्या, नाहीतर अगदी पुढची, जिथून रस्ता दिसतो. मागच्या चाकांच्या पाठीमागे बसचा जो भाग लोंबतो तो वळणावर फेकला जातो आणि खालीवरही जास्त होतो. गर्दीत लोक नाइलाजाने तिथे बसतात आणि लहान मुलांना तिथेच बसवतात. कृपा करून नका बसवू.

अजून एक. वळणावर मी वळणाच्या आत डोकं कलतं करतो, आपोआप होतं. प्रवाशांची डोकी बाहेरच्या बाजूला जातात.

कानसेन

चाकधरदादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात मोलाचा आहे. तुम्ही सांगितलंत ते मोजूनही पाहिलं गेलंय. ब्रिटनमध्ये टर्नर आणि ग्रिफिन यांनी तीन हजारांहून जास्त बस-प्रवाशांची पाहणी केली, ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढचा रस्ता न दिसणाऱ्यांना त्रास बराच जास्त होता, आणि चालवण्याच्या पद्धतीने बाजूचे संथ हेलकावे वाढले की आजारी पडणारेही वाढत होते. डोकं वळणाच्या आत कलतं करण्याचंही तसंच. प्रवाशांनी मुद्दाम ड्रायव्हरसारखं डोकं कलवलं तर त्यांचा त्रास कमी होतो, असं प्रयोगांत दिसलंय.

निळाई

मला अर्धशिशी आहे आणि गाडीही जबरदस्त लागते. पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात तर शेजारच्या गल्लीपर्यंतही जाववत नव्हतं. दोन्हींचा संबंध आहे का? आणि गोळ्यांबद्दल कोणीच बोललं नाही. मी गोळी घेते पण उपयोग होत नाही.

कानसेन

निळाईताई, संबंध आहे. अर्धशिशी असणाऱ्यांना गाडी लागण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त असतं. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त, आणि पाळी व गरोदरपणात आणखी.

गोळी कधी घेता? मळमळ सुरू झाल्यावर घेत असाल तर उपयोग होणारच नाही. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं आणि गोळी तिथेच पडून राहते. निघायच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. सिनारिझिनसारखी काही औषधं तर दोन तास आधी.

डायमेनहायड्रिनेट या औषधाची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९४७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका गरोदर बाईला अंगावर पित्त उठतं म्हणून ते दिलं. तिला नेहमी ट्राम लागायची. औषध सुरू झाल्यापासून ट्राम लागेनाशी झाली, हे तिनेच डॉक्टरांना सांगितलं. मग सैनिकांनी भरलेल्या जहाजावर त्याची चाचणी झाली. ॲलर्जीवरच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्याच इथे चालतात, कारण त्या मेंदूत शिरतात. सेटिरिझिनसारख्या नव्या, झोप न आणणाऱ्या गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही. उलटीवर सर्रास दिलं जाणारं ऑन्डान्सेट्रॉनही गाडी लागण्यावर फारसं चालत नाही, कारण त्याचा मार्ग वेगळा आहे.

सर्वात प्रभावी औषध म्हणजे स्कोपोलामिन, कानामागे चिकटवायची पट्टी. ती चारेक तास आधी लावतात आणि तीन दिवस चालते. हे द्रव्य धोत्र्याच्या कुळातल्या झाडांत असतं. पण म्हणून धोत्र्याच्या वाटेला कोणीही जाऊ नये, तो जीवघेणा आहे. पट्टीसुद्धा लहान मुलांना लावत नाहीत. काचबिंदू किंवा लघवीला अडथळा असेल तर तीही नको. आणि ही सगळी औषधं गुंगी आणतात, घेऊन गाडी चालवू नका. मुलांना आणि गरोदर बायकांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका.

आल्याचा काहींना फायदा होतो, अपाय तर नाही. मनगटाच्या दाबपट्ट्यांबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. गार हवा आणि मोजून घेतलेला संथ श्वास मात्र नक्की करून बघा.

रानजाई

पंधरा दिवसांनी परत लिहितेय. काल पुन्हा तोच प्रवास केला.

गोळी दिली नाही. तिची उंची इतकी कमी की मागच्या सीटवरून तिला रस्ता दिसतच नव्हता, हे इतकी वर्षं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पुढे बसवणं तिच्या वयाला सुरक्षित नाही, म्हणून उंच करणारी लहान मुलांची सीट आणली आणि मागे मधोमध बसवलं, पट्टा लावून, दोन्ही पुढच्या सीटच्या मधून सरळ काच दिसेल असं. निघताना हलकंच खायला दिलं. आणि तिला काम दिलं. वळण दिसलं की तिने आधी ओरडायचं, "डावं!" किंवा "उजवं!", आणि डोकं तिकडे कलतं करायचं. गाडी मी चालवत होते, चाकधरदादांचा पाण्याचा पेला डोक्यात ठेवून.

दीड तास ती ओरडत होती. मग दमली, खाली वाकून दप्तरात काहीतरी शोधायला लागली आणि दोन मिनिटांत जांभई. ती जांभई मी ओळखते. गाडी बाजूला घेतली, दहा मिनिटं उतरून उभे राहिलो. उलटी झाली नाही. शेवटच्या टप्प्यात थोडी मळमळ होती, पण ती पोचली ती स्वतःच्या पायांवर, कपडे न बदलता.

ते मोठे माणूसही सोबत होते. या वेळी तेही मागून वळणं सांगत होते.

लेकीचा एक प्रश्न आलाय, मला उत्तर येत नाही. मासे सतत पाण्यात हलतात, त्यांना का लागत नाही?

कानसेन

तिला सांगा, त्यांनाही लागतं. माशांच्या कानात आपल्यासारखेच खडे असतात. विमानातून गोते देऊन क्षणभर वजनरहित केलेले काही मासे गोल गोल फिरायला लागतात, तर शेजारचे मासे सरळ पोहत राहतात. ज्यांच्या डाव्या आणि उजव्या कानातल्या खड्यांच्या वजनात फरक जास्त, ते जास्त गोंधळतात, असं ते प्रयोग करणाऱ्यांचं म्हणणं आहे. एरवी त्यांचा मेंदू तो फरक सांभाळून घेतो.